बाळाची क्रिब घ्यायच्या आधी स्वतःचा पलंग मोजा

आठव्या महिन्यातली दुपार होती. नवीन बेडसाइड क्रिब, म्हणजे आपल्या पलंगाला चिकटवून लावायचं, एक बाजू खाली होणारं बाळाचं छोटं बेड, जोडून झाली होती, पलंगाला लावून झाली होती, आणि ती इतकी गोड दिसत होती की मी फोटो काढून बहिणीला पाठवलेसुद्धा. मग मी नेहमीसारखी बेडच्या काठावर टेकले. नवरा क्रिबच्या बाजूला गुडघ्यावर बसून स्क्रू तपासत होता, तो एकदम म्हणाला, अगं थांब, उठू नकोस, हे बघ. माझ्या वजनाने आमच्या गादीचा काठ दबला होता आणि दबता दबता क्रिबपासून थोडा लांब सरकला होता, आणि मघाशी जिथे एक बोट जात नव्हतं तिथे आता त्याची तीन बोटं आरामात आत गेली होती. मी उठले की फट बंद. बसले की फट उघडी. आम्ही दोघांनी हे चार-पाच वेळा करून बघितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण रात्री दूध पाजायला मी नेमकी तिथेच बसणार होते, त्याच काठावर, अर्धवट झोपेत, अंधारात.

तोपर्यंत मी जवळजवळ महिनाभर क्रिब बघत होते. रंग बघितला, जाळी किती बाजूंनी आहे ते बघितलं, खाली डायपर ठेवायला कप्पा आहे का ते बघितलं, रिव्ह्यू तर इतके वाचले की कुणाच्या बाळाला किती दात आलेत तेही कळलं. पण हे एक कुणी सांगितलं नव्हतं, की ही क्रिब म्हणजे सुटी वस्तू नव्हे, ती आणि तुमचा पलंग मिळून एक वस्तू होते आणि सगळा प्रश्न त्या दोघांच्या जोडावर येऊन थांबतो. आता कुणी मला विचारलं की कुठली घेऊ गं, तर मी आधी विचारते तुझा बेड कसा आहे, खालून मोकळा आहे का बंद, गादी किती जाड आहे. समोरच्याला वाटतं मी विषय बदलतेय.

आधी थोडं हे की बेडसाइड क्रिब घ्यायचीच कशाला. आमच्यापुरतं कारण साधं होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचना आमच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितल्या होत्या, की बाळाने निदान पहिले ६ महिने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं, पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, आणि आजूबाजूला उशी, लोड, मऊ खेळणी, सैल पांघरूण काहीही नको. झोपेत बाळ अचानक दगावण्याचे जे प्रकार होतात, ज्याला सिड्स म्हणतात, त्यातले जवळजवळ ९० टक्के पहिल्या ६ महिन्यांत होतात आणि सगळ्यात नाजूक काळ म्हणजे पहिला ते चौथा महिना. हे वाचताना माझे हात गार पडले होते, खोटं नाही सांगत. पण त्याच वेळी हेही वाचलं की १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बाळाला पालथं झोपवू नका असं सांगायला सुरुवात केली, १९९४ पासून त्याची मोठी मोहीम झाली आणि नंतरच्या वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मुख्यतः पाठीवर झोपवल्याने. म्हणजे आपल्या हातात बरंच काही आहे, हे मला त्यातून कळलं आणि मी घाबरणं सोडून मोजमाप करायला लागले.

आणि दुसरं कारण म्हणजे रात्र. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं हे ऐकायला छान वाटतं, पण ती झोप तुकड्या-तुकड्यांची असते, दर दोन-तीन तासांनी भूक, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. त्यात माझं सिझर झालं. टाके असताना पलंगावरून उठून दुसऱ्या कोपऱ्यातल्या कॉटपर्यंत जाणं, वाकून बाळ उचलणं, परत येणं, पाजणं, ढेकर काढणं, परत जाणं, परत वाकणं, हे रात्रीतून चार वेळा करायचं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. बेडसाइड क्रिब ही ये-जा वाचवते. जागं व्हायचं वाचत नाही, ते कुठलीच वस्तू वाचवत नाही, पण चार पावलांचं अंतर एका हाताच्या अंतरावर येतं.

पहिली क्रिब आम्ही परत केली. तिचे पाय इंग्रजी एल अक्षरासारखे होते, म्हणजे खालची आडवी दांडी पलंगाखाली सरकवायची, तरच वरची बाजू गादीला चिकटते. आमचा पलंग खालून पूर्ण बंद, स्टोरेजवाला. दांडी पलंगाच्या लाकडावर जाऊन टेकली आणि क्रिब आणि गादीच्या मध्ये एक वीत अंतर राहिलं. फोटोतल्या पलंगांना चार नाजूक पाय होते आणि खाली सगळं मोकळं होतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. दुकानदाराने सुचवलं की मध्ये एक टॉवेल गुंडाळून घट्ट बसवा, बरेच जण तसंच करतात. कृपा करून हे करू नका. फट भरायला टॉवेल, उशी, चादरीची घडी, काहीच घालायचं नाही, कारण बाळाची हालचाल किंवा आपली हालचाल झाली की ते सरकतं आणि मग तिथे फटही असते आणि वर मऊ काहीतरीही असतं, आणि बाळाचं तोंड त्याच उंचीला. आम्ही ती खोक्यात भरून परत दिली आणि पाय आत घेता येतील अशी दुसरी घेतली, जी बंद पलंगालाही चिकटून उभी राहते. सुरुवातीला सांगितली ती हीच.

तर मोजायचं काय काय. जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पातळीपर्यंतची उंची, आणि हे दोनदा मोजायचं, एकदा गादीवर कुणी नसताना आणि एकदा तुम्ही काठाला बसलेल्या असताना. दुसरा आकडा कुणीच घेत नाही. आमच्यात दोन्हीत ६ सेंटीमीटरचा फरक आला, गादी जुनी होती आणि काठाला मऊ पडली होती. मग पलंगाखाली किती मोकळी जागा आहे ते, पलंगाची चौकट गादीच्या बाहेर येते का ते (कितीतरी पलंगांना लाकडाची पट्टी चार-पाच सेंटीमीटर बाहेर असते आणि तेवढी फट मग काही केल्या मिटत नाही), आणि पलंगाच्या बाजूला भिंतीपर्यंत किती जागा आहे ते. हे सगळे आकडे फोनमध्ये लिहून ठेवायचे आणि मगच क्रिब बघायची. बहुतेक चांगल्या क्रिबना उंची कमी-जास्त करायच्या पायऱ्या असतात, कुणाला पाच, कुणाला सात, पण तुमची उंची त्या पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी येत असेल तर उपयोग नाही, ती नेमकी जुळली पाहिजे.

जुळणं म्हणजे काय हेही मला आधी चुकीचं वाटत होतं. मला वाटायचं बाळाची गादी आणि आपली गादी अगदी एकसंध, मध्ये काहीच नको, फोटोत तसंच दिसतं ना. पण युरोपात या क्रिबसाठी जे मानक आहे, ईएन ११३० नावाचं, २०१९ चं, त्यात बाजू खाली केलेली असली तरी बाळाच्या गादीपासून निदान १२० मिलिमीटरचा काठ उभा राहिलाच पाहिजे असं आहे. म्हणजे बाळाची गादी आपल्या गादीपेक्षा एक टप्पा खाली असते आणि मध्ये एक छोटासा बांध असतो. त्यामुळे बाळ सरकून आपल्याकडे येत नाही आणि आपलं पांघरूणही सहज तिकडे जात नाही. त्या बांधाची वरची कड आणि आपल्या गादीची पातळी एक यायला हवी, आमच्या क्रिबबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसंच चित्र होतं. तुम्ही बघायला जाल तेव्हा बाजू खाली करा आणि बाळाच्या गादीवर हात सपाट ठेवून बघा, मनगटाच्या वर काठ येतोय का. अगदीच सपाट, बिनकाठाची दिसली तर मी तरी घेणार नाही.

आता त्या तीन बोटांच्या फटीचं काय झालं ते. क्रिबबरोबर दोन लांब पट्टे येतात, आम्ही ते आमच्याच बाजूच्या चौकटीला बांधले होते, कारण तिथे सोपं पडत होतं. पुस्तिका परत उघडली तर लक्षात आलं की पट्टे गादीच्या खालून पलीकडच्या बाजूला न्यायचे असतात आणि तिकडच्या चौकटीला अडकवून ताणायचे असतात, म्हणजे सगळा पलंगच क्रिबला आपल्याकडे ओढून धरतो. गादी उचलली, पट्टे पलीकडे नेले, बकल ओढून घट्ट केली. तरी एक बोटभर फट उरली, कारण गादी स्वतःच चौकटीच्या आत इकडेतिकडे सरकत होती. मग गादी पूर्ण क्रिबच्या बाजूला ढकलली आणि पलीकडे, आमच्या पायांच्या आणि नवऱ्याच्या बाजूला, जी जागा उरली ती तिकडेच राहू दिली, जिथे बाळाचा काही संबंध नव्हता. आणि शेवटी मी पाजायला बसायची जागा बदलली. काठाला न बसता पाठ टेकून, पाय लांब करून मध्यावर बसायचं, म्हणजे काठ दबतच नाही. एवढं केल्यावर नवरा झोपून, बसून, कुशीवर वळून, सगळ्या प्रकारे बघत होता आणि मी हात फिरवत होते, फट उघडली नाही.

तरी पट्टे ढिले होतात हं. चाकांना ब्रेक असले तरी गुळगुळीत फरशीवर रोज एक-दोन मिलिमीटर सरकत असणार, आठवड्याने मला बोट घालता यायला लागलं. म्हणून झोपायच्या आधी उलटा हात करून, बोटांची मागची बाजू जोडावरून डोक्यापासून पायापर्यंत फिरवायची सवय लावून घेतली. तळहातापेक्षा बोटांच्या मागच्या बाजूला फट लगेच कळते, करून बघा. दिवा लावायला लागत नाही, दहा सेकंद लागत नाहीत.

गादीवरून आईशी माझं थोडं वाजलं. ती आली, क्रिबच्या गादीवर हात दाबला आणि म्हणाली, अगं ही गादी आहे का पाट आहे, एवढ्याशा जिवाच्या पाठीला टोचेल, मी मऊ गोधडी आणलीय ती खाली घाल. तिने स्वतः शिवली होती, माझ्याच जुन्या साड्यांची, त्यामुळे नाही म्हणताना मला खूप वाईट वाटलं. मी वाद घातला नाही, तिला म्हटलं आई, एक करून बघ. गोधडीची चौपदरी घडी केली आणि तिला म्हटलं तुझी मूठ हे बाळाचं डोकं समज, ती तोंडाच्या बाजूने खाली ठेव. मूठ आत गेली आणि कापड दोन्ही बाजूंनी वर आलं. मग तीच मूठ क्रिबच्या गादीवर ठेवली, काहीच वर आलं नाही. बाळ चुकून तोंड वळवून तिथे अडकलं तर त्याच्याच श्वासाची हवा त्या खळग्यात साठून राहते आणि तीच परत परत आत जाते, आणि मान उचलून बाजूला व्हायची ताकद त्याच्यात अजून नसते. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही गं. गोधडी मग दिवसा जमिनीवर अंथरली, त्यावर बाळ जागं असताना पोटावर खेळायचं, आम्ही समोर बसून. तीच गोधडी, आणि खूप वापरली.

याच कारणाने वेगळं विकत मिळणारं मऊ टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा जादा थर, घालू नका. क्रिबबरोबर जी गादी येते तीच, त्याच मापाची. गादी आणि चारही बाजूंच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, आणि दोन बोटं जात असली तरी मला ती जास्तच वाटतात. चादर चारही कोपऱ्यांना रबर असलेली, त्याच मापाची, घट्ट. काही क्रिब प्रवासासाठी घडी होणाऱ्या असतात, त्यांच्या गादीत मध्ये घडीची रेषा असते, तिथे हाताने दाबून बघा खड्डा किंवा उंचवटा लागतो का.

तिरकी करायची सोय असलेल्या क्रिब खूप दिसतात. डोक्याची बाजू एक पायरी वर करायची, म्हणजे दूध वर येत नाही असं सांगतात. आमची लेक पहिले दोन महिने जवळजवळ प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध काढायची, त्यामुळे मला हा मोह फार झाला होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. दूध उलटून आलं तरी श्वासनलिकेत जायला त्याला वर चढावं लागतं, म्हणून सपाट पाठीवर झोपलेलं बाळ गुदमरत नाही, ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. उलट तिरक्या जागेवर बाळ हळूहळू खाली घसरतं, त्याचं डोकं अंगाच्या मानाने इतकं जड असतं की हनुवटी छातीला टेकते, आणि श्वासाची वाट तिथे दुमडते. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदाच झाला आणि १० अंशांपेक्षा जास्त तिरके स्लीपर, म्हणजे बाळाला झोपवायचे तिरके बेड, आणि क्रिबच्या आतल्या बाजूने लावायचे जाड गुबगुबीत बंपर, दोन्हींच्या विक्रीवर बंदी आली. आमच्या क्रिबलाही दोन्ही पायांची उंची वेगळी ठेवता येत होती, आम्ही दोन्हीकडे एकच पायरी ठेवली आणि फोनमधल्या लेव्हलच्या अॅपने तपासली. दूध काढण्यावर उपाय म्हणून पाजल्यावर वीस मिनिटं मी किंवा नवरा तिला खांद्यावर उभी धरायचो, मग सपाट ठेवायचो. वेळ जायचा, पण दुसरं काय करणार.

एक गोष्ट घ्यायच्या आधी नक्की करून बघा. साधारण तीन किलो वजनाची काहीतरी पिशवी किंवा गुंडाळलेल्या टॉवेलचं गाठोडं डाव्या हातात बाळासारखं धरा आणि उजव्या एका हाताने क्रिबची बाजू वर-खाली करा. मी दुकानात खरंच माझी पर्स आणि जाकीट गुंडाळून तसं करून बघितलं. एकीला दोन्ही टोकांना एकाच वेळी बटणं दाबायला लागत होती, म्हणजे दोन्ही हात लागणारच. एकीला चेन होती, ती एका हाताने उघडायची पण कोपऱ्यावर अडकायची आणि तिचा आवाज शांत खोलीत केवढा मोठा येतो याचा अंदाज दुकानातल्या गडबडीत येत नाही, कान जवळ नेऊन ऐका. आम्ही घेतली तिला वर एक दांडा आहे, तो किंचित वर उचलला की सुटतो आणि आवाज न करता खाली येतो. आणि बाजू वर केल्यावर ती खरंच अडकलीय ना ते बाहेरून ओढून बघायचं, फक्त आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

बाळ खाली ठेवायचं पण एक तंत्र आहे, ते क्रिबमुळे सोपं झालं म्हणून इथे लिहिते. नवजात बाळाला आपण पडतोय असं वाटलं की ते दचकतं, हात फाकतात, आणि झोपलेलं बाळ जागं होतं, हे साधारण चार महिन्यांपर्यंत चालतं. त्यामुळे आधी बूड टेकवायचं, मग पाठ, मग अगदी शेवटी डोकं, आणि डोक्याखालचा हात काढायच्या आधी दुसरा हात छातीवर ठेवायचा. लांबच्या कॉटमध्ये हा दुसरा हात ठेवून तसंच वाकून उभं राहणं माझ्या टाक्यांना शक्यच नव्हतं. इथे मी आडवी पडून पाच-दहा मिनिटं हात तिच्या छातीवर ठेवू शकत होते, तिचा श्वास हाताला लागायचा, आणि ती शांत झाली की हात काढून घ्यायचा. तेवढ्या अंतरावरून तिला माझा चेहराही दिसत असणार, या वयात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं.

पलंगाला क्रिब कुठे लावायची याचा विचार आम्ही उशिरा केला. क्रिब लावली आणि रात्री बाथरूमला जायला उठले तर लक्षात आलं की माझा उतरायचा रस्ताच बंद झालाय. टाके असताना गादीवरून घसरत घसरत पायथ्यापर्यंत जाणं म्हणजे प्रत्येक इंचाला कळ. मग क्रिब वर, माझ्या खांद्याच्या रेषेत सरकवली. क्रिब साधारण ९० सेंटीमीटर लांब आणि पलंग जवळजवळ दोन मीटर, म्हणजे खाली पाय सोडून उतरायला मीटरभर जागा मोकळी राहिली. हे आधी खडूने किंवा चिकटपट्टीने जमिनीवर आखून बघा, दवाखान्यातून आल्यावर फर्निचर हलवायची ताकद कुणातच नसते. आणि त्या बाजूला पडद्याची दोरी, चार्जरची वायर, दिव्याची वायर काही लोंबकळतंय का तेही तेव्हाच बघा. मी फोनचा चार्जर दुसऱ्या बाजूला नेला, झोपेत फोन शोधताना हात बाळाच्या दिशेला जायलाच नको.

आता एक रात्र. लेक अकरा दिवसांची होती. मी पाजत होते, पाठ टेकून, आणि मला झोप कधी लागली ते कळलं नाही. जाग आली तेव्हा ती माझ्या कुशीत खाली सरकलेली होती, तिचं नाक माझ्या कुर्त्याला लागलेलं, आणि क्रिब अगदी शेजारी रिकामी. तिला काही झालं नव्हतं. मी मात्र उरलेली रात्र बसून काढली. क्रिब शेजारी असणं पुरत नाही, बाळ त्यात परत ठेवायला कुणीतरी जागं लागतं, हे त्या रात्री समजलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं की मी पाजायला उठले की नवऱ्याला पायाने हलवायचं, त्याने उठून बसायचं, आणि ढेकर काढून बाळ क्रिबमध्ये ठेवायचं काम त्याचं. नोकरी सांभाळून त्याने हे तीन महिने केलं. ज्यांच्याकडे दुसरं माणूस नाही त्यांनी निदान फोनवर वीस मिनिटांचा व्हायब्रेशनचा अलार्म लावावा. आणि झोप येतेय असं वाटत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन बसू नका, पलंगापेक्षाही ते जास्त धोक्याचं आहे, उशांच्या आणि हाताच्या मध्ये बाळ अडकतं.

बाकी गोष्टी पटकन. जाळी निदान दोन बाजूंना हवी, आडवं पडल्या पडल्या आत दिसतं, डोकं उचलायला लागत नाही, पण जाळी आहे म्हणून तोंड टेकलं तरी चालेल असं समजू नका. कापडी भाग काढून धुता येतो का ते विचारा, आम्ही तीन वेळा धुतला. डिलिव्हरीच्या तीन-चार आठवडे आधी खोक्यातून काढून मोकळ्या हवेत ठेवा, नवीन गादीचा वास जातो. जुनी घेत असाल तर सगळे मूळ स्क्रू, पट्टे आणि पुस्तिका आहे का बघा आणि मॉडेलचं नाव टाकून कंपनीने कधी परत मागवली होती का ते शोधा. खोली जास्त गरम नको, आणि बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून बघू नका, ते गारच असतात, मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. पांघरुणाऐवजी आम्ही अंगात घालायची स्लीपिंग बॅग वापरली.

किती दिवस चालते हा प्रश्न सगळे विचारतात. पुस्तिकेत साधारण ९ किलोपर्यंत असं असतं, पण वजनावर जाऊ नका, बहुतेक बाळांची क्रिब त्याच्या खूप आधी संपते. बाळ पालथं पडायला लागलं, हातावर जोर देऊन उठायला लागलं की त्याच दिवशी बंद. आमची साडेचार महिन्यांची असताना एका सकाळी मी बघितलं तर तिने दोन्ही हात काठावर टेकले होते आणि जाळीवरून माझ्याकडे बघून हसत होती. मी तिला उचलली, खूप पापे घेतले, आणि त्या रात्री ती मोठ्या उंच बाजूंच्या कॉटमध्ये झोपली, आमच्याच खोलीत, समोरच्या भिंतीला. म्हणजे सगळी धडपड साडेचार महिन्यांसाठी. मला ते कमी वाटत नाही, तेच तर सगळ्यात अवघड महिने होते.

गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीला सातवा लागला. ती म्हणाली तुझी क्रिब पडूनच आहे ना, मला दे. मी म्हटलं देते, पण आधी पलंग मोज आणि आकडे पाठव. तिने संध्याकाळी पाठवले. तिची गादी नवीन, खूप जाड, आणि आमची सगळ्यात वरची पायरी लावली तरी काठ तिच्या गादीपेक्षा ५ सेंटीमीटर खाली येत होता, म्हणजे गादीचा मऊ काठ आतल्या बाजूला झुकला असता. मी तिला फोन करून सांगितलं की नाही देता येणार गं, तुझ्यासाठी दुसरी बघू, नाहीतर पलंगाला न जोडता शेजारी सुटी ठेवायची छोटी कॉट घेऊ, तीही चांगलीच. तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं, पण तिने परत मेसेज केला. त्यात दोन आकडे होते, एक गादी रिकामी असतानाचा आणि एक ती स्वतः काठाला बसलेली असतानाचा, आणि खाली लिहिलं होतं, फट नवऱ्याकडून मोजून घेतली, आता सांग कुठली बघू.